शिक्का माझा, मजकूर माझा नाही

मागच्या महिन्यात पुतण्याचा मुलगा भालकीहून आमच्याकडं बीदरला आला होता. इंजिनिअरिंग होऊन वर्ष झालं. बेंगळुरू, पुणे, हैदराबाद, तिन्हीकडं अर्ज टाकायलाय. जेवणं झाल्यावर मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाला, "आबा, तुम्ही बँकेत इंटरव्ह्यू घेतलात ना, हे जरा बघा."

अर्ज इंग्रजीत होता, चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला. इतकं सफाईदार इंग्रजी मी हेड ऑफिसच्या सर्क्युलरांतही वाचलं नव्हतं. त्यात एक ओळ होती: कॉलेजच्या प्रोजेक्टात पाच जणांच्या गटाचं नेतृत्व केलं आणि खर्च तीस टक्क्यांनी कमी केला.

"तीस टक्के कशाचे रे?"

"ते त्यानंच टाकलंय, आबा."

"आणि पाच जण?"

"आम्ही दोघंच होतो. पण सगळेच असं टाकायलेत की."

मी त्याला रागावलो नाही. रागवायचा मला अधिकार नव्हता, का ते पुढं सांगतो. पण आपल्या गावाची एक जुनी गोष्ट आठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन महमूद गवानच्या मदरशाकडं गेलो.

बीदरला येऊन गेलेल्यांनी चौबाऱ्याकडून किल्ल्याकडं जाताना ही इमारत पाहिली असेल. तीन मजली, पुढं एकच मिनार उरलेला, त्यावर निळ्या-हिरव्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. १४७२ साली बहमनी राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गवान यानं ती बांधली. हा गृहस्थ मूळचा इराणातल्या गीलानचा. व्यापार करत समुद्रमार्गे आपल्या कोकणात दाभोळला उतरला आणि १४५३ च्या सुमारास बीदरला आला. पुढं राज्याचा मुख्य वजीर झाला. चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले, सरदारांची ताकद कमी केली. साहजिकच शत्रू वाढले.

हे सगळं आपण शाळेत थोडंफार शिकलो आहोत. शाळेत सांगितलं नाही ते असं, की हा माणूस पत्रलेखनाचा उस्ताद होता. 'मनाझिर-उल-इन्शा' हा त्याचा ग्रंथ पत्र कसं लिहावं, कोणाला कसं संबोधावं याच शास्त्रावर आहे, आणि त्यानं लिहिलेल्या फारसी पत्रांचा संग्रह 'रियाझ-उल-इन्शा' नावानं आजही अभ्यासला जातो. आणि अशा माणसाचा जीव गेला तो त्यानं न लिहिलेल्या पत्रामुळं.

फरिश्ता या इतिहासकारानं शंभरावर वर्षांनी विजापूरच्या दरबारात बसून ही हकिकत लिहून ठेवली. गवानचा शिक्का सांभाळणारा एक हबशी नोकर होता. विरोधकांनी त्याच्याशी दोस्ती केली, भेटी दिल्या. एके दिवशी तो नशेत असताना घडी घातलेला कागद पुढं केला. आमच्या एका मित्राच्या हिशोबाचा कागद आहे, वजिराचा शिक्का तेवढा हवा, म्हणाले. नोकरानं घडी न उघडता शिक्का मारून दिला. आत कागद कोरा होता. मग त्या शिक्क्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचं पत्र लिहिलं गेलं आणि ते सुलतान महंमदशहा तिसरा याच्यासमोर आणलं.

सुलतानानं गवानला बोलावून पत्र दाखवलं. शिक्का माझाच आहे, पण मजकुरातलं मला काही ठाऊक नाही, अशा अर्थाचं तो बोलला. कोणी ऐकलं नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत त्याला मारलं. तेव्हा त्यानं सत्तरी गाठलेली होती, म्हणजे आज माझं आहे साधारण तेवढंच वय. सुलतानही पुढच्या वर्षी गेला आणि पुढच्या काही दशकांत बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले.

पोरगं ऐकून म्हणालं, "पण आबा, त्याला तर फसवलं. मी कोणाला फसवायलो नाही." बरोबर आहे. गवानचा शिक्का दुसऱ्यानं कोऱ्या कागदावर मारला. आपण तो आपल्याच हातानं मारतो, एवढाच फरक.

आता आपल्या घरातला इतिहास. दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेणं आपल्या भागात नवं नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आमच्या वडिलांची भालकीला आडत होती. त्यांचं सगळं लिहिणं मोडीत. कचेरीत काही काम निघालं की अर्जनवीसाकडं जावं लागे. कागद उर्दूत, खाली सही मोडीत. वडील सांगायचे, अर्जनवीस अर्ज पूर्ण वाचून दाखवायचा, मराठीत अर्थ सांगायचा, आणि मगच सहीला दौत पुढं करायचा. घाई असली तरी वडील ऐकल्याशिवाय सही करत नसत. भाषा त्याची, गरज आपली, आणि जबाबदारीही आपली.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जिल्हाच वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरला. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि नोकरीच्या अर्जाला इंग्रजी. चौथ्या भाषेत स्वतःची ओळख करून द्यायची म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातल्या पोरांनाच कळतं.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. खेड्यापाड्यात शाखा निघू लागल्या आणि आमच्यासारख्या बीकॉमवाल्यांना दिवस आले. १९७३ साली मी एका बँकेला अर्ज केला. नाव सांगत नाही. इंग्रजी कच्चं, म्हणून टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं एक नमुना ठरलेला, 'आय बेग टू अप्लाय' पासून 'मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट' पर्यंत. नाव आणि मार्क बदलायचे, की झालं. त्या नमुन्यात छंदांच्या रकान्यात 'फिलाटेली' असं होतं. मी विचारलं नाही. शब्द भारी वाटला, सही केली.

इंटरव्ह्यूला तिघे साहेब. एकानं पहिलाच प्रश्न केला, "फिलाटेलीबद्दल सांगा." मला वाटलं फिलॉसॉफीच्या जवळचं काहीतरी असणार. मी गीतेवर सुरू झालो. दोन मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं, मग एकमेकांकडं बघून हसले. "अहो, फिलाटेली म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवणं." त्यानंतर त्यांनी काय विचारलं आणि मी काय बोललो, आठवत नाही. बीदरपर्यंत बसमध्ये मान वर केली नाही. घरी फक्त 'झालं नाही' एवढंच सांगितलं. पन्नास वर्षं झाली, ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढच्या वर्षी दुसऱ्या बँकेला अर्ज केला तेव्हा त्याच टायपिस्टकडं गेलो, पण मजकूर आधी मराठीत लिहून नेला. वडिलांच्या आडतीवर रोजमेळ आणि खतावणी लिहितो, शेतकऱ्याची पट्टी करतो, हमाली-तोलाई वजा करतो. टायपिस्ट म्हणाला, "हे काय लिहायचं असतं होय?" मी म्हटलं, लिही. इंटरव्ह्यूत पंधरा मिनिटं आडतीवरच बोलणं झालं, कारण साहेबांना बाजारपेठेला कर्ज देणारी शाखा चालवायची होती. मी लागलो आणि सदतीस वर्षं राहिलो.

बँकेत आम्हाला एक नियम होता. कर्जदार अंगठा लावणारा असेल किंवा इंग्रजी न समजणारा असेल, तर फॉर्मवर लिहावं लागे की मजकूर वाचून समजावून सांगितला, त्याला तो समजला. गर्दीच्या दिवशी ही ओळ उरकून टाकायचा मोह होई. पण पुढं वसुलीच्या वेळी शेतकरी जेव्हा म्हणायचा, "साहेब, अंगठा माझा, पण आकडा मला माहीत नव्हता," तेव्हा त्या एका ओळीची किंमत कळायची.

म्हणून त्या पोराला मी 'एआय वापरू नको' असं म्हटलं नाही. मुंबई-बेंगळुरूच्या इंग्रजी शाळेतल्या पोराला जे घरात मिळतं, ते आपल्या पोराला या यंत्रातून फुकट मिळायलंय. ते का सोडायचं? तिकडं कंपनीतही माणसाआधी बऱ्याचदा सॉफ्टवेअरच अर्ज चाळतं, जाहिरातीतले शब्द अर्जात आहेत का बघतं. ते काम तू खरंच केलेलं असेल तर जाहिरातीतला शब्द जरूर घाल. पण या यंत्राला रिकामी जागा दिसली की शोभेल असं काहीतरी भरायची खोड आहे. आमच्या टायपिस्टसारखीच.

दोघं बसलो. आधी त्यानं स्वतः मराठीत लिहिलं, काय काय केलं ते. मग यंत्राला सांगितलं, एवढंच इंग्रजीत नीट कर, पदरचं काही घालू नको. मग मी साहेब झालो आणि प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारले. ज्या ओळीवर त्याला दोन मिनिटं बोलता आलं नाही, ती काढली. तीस टक्के गेले, पाच जण गेले. मग यंत्रालाही साहेब व्हायला सांगितलं. ते माझ्यापेक्षा खवट प्रश्न विचारतं, सरावाला उत्तम. आधार नंबर, बँकेचे तपशील त्यात टाकू नको, हेही बजावलं. खऱ्या ऑनलाईन मुलाखतीत मात्र ते बाजूला उघडं ठेवून उत्तरं वाचायची नाहीत. तिथं तू एकटा.

अर्ज अर्धा झाला. पोरगं हिरमुसलं. "आता यात काय राहिलं, आबा?"

मी विचारलं, "सुगीत दुकानात बसून तू कॉम्प्युटरवर काय करायलास?" तर म्हणे, तुरीची पट्टी करायला छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. वजन टाकलं की आडत, हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी. दोन सुग्या चाललाय. हे अर्जात कुठंच नव्हतं. त्याला ते घरचं काम वाटत होतं. यंत्राला तरी ते कसं ठाऊक असणार, यानं सांगितल्याशिवाय?

ते आता अर्जात वर आहे. त्यानंतर पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं, वीस मिनिटं पट्टीच्या प्रोग्रॅमवरच विचारलं. निवड झाली नाही. अजून नोकरी लागलेली नाही, अर्ज चालू आहेत. पण त्या दिवशी फोनवर त्याचा आवाज माझ्या १९७३ च्या बससारखा नव्हता.

मंडळी, तुमच्या घरी जुने अर्ज, टाईप केलेल्या कार्बन कॉपी, अर्जनवीसाच्या हातचे उर्दू कागद असतील तर फोटो जरूर टाका. आणि तुमची 'फिलाटेली' कोणती होती, तेही लिहा. मी माझी सांगितली आहे.