यीस्टला माणसाचं जनुक

१९७० च्या दशकाचा मध्य. एडिंबरा, शुक्रवार, बाहेर मुसळधार पाऊस. पॉल नर्स नावाच्या तरुण संशोधकाच्या मागे तुम्ही उभे आहात. तो सूक्ष्मदर्शकाखालून बुटकं यीस्ट वेचतोय. पेशी बुटकी, म्हणजे पुरती वाढण्याआधीच विभागलेली. अशी पन्नासेक वाणं त्याने जमवलीत, पण जवळपास सगळ्यांतला बिघाड एकाच जनुकात, वी१ मध्ये. आताच्या बशीवर तर बुरशीच चढलीय. वैतागून तो ती कचऱ्यात टाकतो आणि घरी जातो.

तुम्ही मात्र थांबा. रात्री तो सायकल दामटत, भिजत परत येतो आणि डब्यातून तीच बशी काढतो. तिच्यातला बिघाड निघतो सीडीसी२ या जनुकात! हे जनुक बंद पडलं की विभाजन थांबतं, हे ठाऊक होतं. इथे त्यात जरासा बदल झाला आणि विभाजन लवकर झालं. म्हणजे पेशीने कधी विभागायचं, हे यावर ठरतं.

आता लंडन, १९८७ च्या थोडं आधी. लिंकन्स इन फील्ड्सवर इम्पिरियल कॅन्सर रिसर्च फंडमधली नर्सची प्रयोगशाळा. सीडीसी२ चं काम करणारं जनुक माणसातही आहे का, हे बघायला मेलनी ली ही संशोधक सीडीसी२ बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाच्या जनुकांच्या प्रती सोडते आणि बशा उबेत ठेवते. डोकावून बघा: पेशी नुसत्या लांबत चालल्यात, विभागत नाहीत. यीस्टची आणि आपली वाट फुटून शंभर कोटी वर्षं होत आली. तुम्ही पैज लावली असती का? पण एके ठिकाणी ठिपका उगवतो, मोठा होतो. यीस्ट विभागतंय, माणसाच्या जनुकावर! साम्य शोधत बसण्यापेक्षा ‘काम करून दाखव’ म्हणणं, ही या प्रयोगाची खरी हुशारी. नर्सला २००१ मध्ये नोबेल मिळालं. लीचं नाव गोष्ट सांगताना बरेचदा गळतं, ते गळू नये.

शेवटचा थांबा आज, तुमच्याच कातडीतली एक पेशी. माणसाच्या त्या जनुकाचं प्रथिन इथे सीडीके१ म्हणून वावरतं, २९७ अमिनो आम्लांचं. पेशी डीएनएची नक्कल करतेय, सुमारे ६०० कोटी अक्षरं, म्हणजे काही तासांचं काम. तोवर सीडीके१ ला कुलूप हवं. त्याच्या १५ व्या जागेवरच्या टायरोसिनला फॉस्फेट चिकटवून ते कुलूप लावतं वी१ जनुकाचं प्रथिन. नक्कल पुरी झाली की सीडीसी२५ हे दुसरं प्रथिन ते फॉस्फेट काढतं आणि विभाजन सुरू होतं. यीस्टमध्ये हे टायरोसिनच बदललं, तर डीएनए अर्धवट असतानाही पेशी विभागायला निघते आणि मरते.

कर्करोगाच्या बऱ्याच पेशींत विभाजनाच्या वाटेवरचे आधीचे तपासणी-नाके मोडलेले असतात, भिस्त असते ती या कुलपावर. म्हणून वी१ ला रोखणारी औषधं आता रुग्णांवर तपासली जातायत. पेशीला अर्धवट डीएनएनिशी विभागायला ढकलायचं, आणि त्यातच तिला मरू द्यायचं.