गंगापूरची आजी

पेशवाईच्या इतिहासात गोपिकाबाईंचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभी राहते ती बहुधा नानासाहेबांची मानी व महत्त्वाकांक्षी पत्नी, किंवा थोरल्या माधवरावांशी मतभेद होऊन पुणे सोडून गेलेली करारी माता; परंतु वाईच्या रास्ते घराण्यातील या स्त्रीच्या आयुष्याचा अखेरचा, आणि माझ्या मते सर्वांत गौरवास्पद, अध्याय आजीपणाचा आहे, आणि तो तितक्या आस्थेने सांगितला जात नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर गोपिकाबाईंचे पुत्र विश्वासराव पडले, त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेब निवर्तले, १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर मुक्कामी माधवराव क्षयाने गेले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी खुद्द शनिवारवाड्यात गारद्यांनी धाकटे पुत्र नारायणरावांचा खून केला. वंशाचा जो एक अंकुर उरला तो, नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकाच्या नावे साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली. पित्याचे मुख सवाई माधवरावांनी कधी पाहिले नाही. मातुःश्री गंगाबाई १७७७ साली वारल्या. दौलतीचा कारभार बारभाई या कारभारी मंडळाने आणि पुढे नाना फडणिसांनी निष्ठेने सांभाळला खरा, परंतु हिशेब, खलिते आणि मोहिमा यांत बुडालेल्या कारभाऱ्याने पोरक्या मुलाच्या मनाकडे किती पाहावे!

गोपिकाबाई त्या काळी नाशिकजवळ गोदातीरी गंगापुरास राहत होत्या. दिवेलागणीला नातवंडांना समोर बसवून पावकी, निमकी, दिडकीचा परवचा आणि स्तोत्रे म्हणवून घेण्याचे काम मराठी घरांत पुष्कळदा आजीकडे असे, आणि ते करता करता उठावे केव्हा, बसावे कसे, थोरांशी बोलावे कसे, याचे वळण मुलांच्या अंगी आपोआप उतरत असे. या आजीला ती सोय नव्हती. नातू पुण्यास, आपण कित्येक मजला दूर. तेव्हा परवचाच्या वेळी जे तोंडी सांगावयाचे ते तिने कागदावर उतरवून पाठविले. पहाटे उठावे, स्नानसंध्या करावी, विद्याभ्यास चुकवू नये, घोड्यावर बसण्याचा सराव ठेवावा, दरबारी कामकाज लक्ष देऊन ऐकावे, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, अशी दिवसाची आखणीच त्या उपदेशपत्रात होती.

त्यातील एक गोष्ट मला विशेष थोर वाटते. नानांच्या सल्ल्याने वागावे, असे तिने नातवास सांगितले. ज्या बाईने एके काळी राजकारणात स्वतःचा शब्द चालावा म्हणून पोटच्या पुत्राशीही वाकडे घेतले, तिला बालपेशव्याच्या कानाशी लागून कारभाऱ्याविरुद्ध तट उभा करणे अवघड नव्हते. पेशव्यांच्या घरात भाऊबंदकीने काय केले होते हे सर्वांसमोर होते. तिने तो मार्ग धरला नाही. ज्याच्या आधारावर मूल उभे होते तो आधार दुरून बळकट करणे, हेच तिने आपले काम मानले; आणि तीन कर्ते पुत्र गमावलेल्या स्त्रीने उरल्यासुरल्या एका जिवाला स्वतःजवळ ओढून न घेता हे करावे, यास मोठे मनोबल लागते.

सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यातील उंचावरून पडून, वयाच्या एकविसाव्या वर्षी मृत्यू पावले, आणि नानांच्या कडक देखरेखीवर त्याचा बोल ठेवणारे तेव्हापासून आजवर आहेत. गोपिकाबाई मात्र त्यापूर्वीच, १७८८ साली, नातू चौदा वर्षांचा असतानाच निवर्तल्या होत्या. तो मोठा होऊन स्वतःच्या मुखत्यारीने कारभार पाहू लागला असता, तेव्हा तिच्या सल्ल्याची त्याला खरी गरज पडली असती, आणि ती वेळ येण्याआधीच आजीचा हात सुटला.