उडी मारणारी मुंगी: नाव आधी, ओळख नंतर

हार्पेग्नॅथोस सॉल्टेटर ही दक्षिण भारतातली, विशेषतः पश्चिम घाटाच्या आसऱ्याने राहणारी मुंगी. लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास, रंग तांबूस तपकिरी. डोळे डोक्याच्या अगदी पुढच्या टोकाला आणि मुंगीच्या मानाने भलतेच मोठे. जबडे लांब, पुढे निघालेले, टोकाशी वर वळलेले. डिवचली की ती उडी मारते, आणि हातात सापडली तर कडकडून डंख करते. एवढ्या खुणांवर जात ओळखायला कीटकशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. मात्र एकाच वारुळातल्या दोन मुंग्यांपैकी अंडी घालणारी कोणती आणि राबणारी कोणती, हे बाहेरून पाहून भल्याभल्यांना सांगता येत नाही. मुंगीला नाव मिळाले त्यानंतर ही अडचण लक्षात यायलाच जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

नाव दिले टॉमस जर्डन याने. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातला हा डॉक्टर पक्षिशास्त्रज्ञ म्हणून जास्त प्रसिद्ध आहे; ‘जर्डनचा धाविक’ हा आंध्रातला दुर्मीळ पक्षी त्याच्याच नावाचा. मुंग्या हा त्याचा बाजूचा नाद. दक्षिण भारतातल्या मुंग्यांची त्याने केलेली यादी १८५१ मध्ये ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’मध्ये छापून आली. या मुंगीसाठी जर्डनने हार्पेग्नॅथोस ही नवी प्रजातीच उभी केली आणि उडीवरून जातीचे नाव ठेवले. ती त्रास दिल्यावर उड्या मारते, झाडाझुडपांच्या मुळांशी जमिनीत घर करते, चावते आणि डंख करते, अशा मोजक्या नोंदीही त्याने केल्या. जिवंत मुंगी पाहिल्याशिवाय अशा नोंदी होत नाहीत. त्या काळातल्या इतर कीटक-सूच्यांमध्ये असे काही सहसा सापडत नाही. त्या बहुतेक युरोपात बसून, पेटीतून आलेल्या मेलेल्या नमुन्यांवरून लिहिल्या जात.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला फ्रेडरिक स्मिथ अशाच नमुन्यांवर काम करी. १८५८च्या सूचीत त्याने ड्रेपॅनोग्नॅथस हे प्रजातीनाम मांडले आणि पुढे बरीच वर्षे ही मुंगी दोन नावांनी वावरली. आधी छापलेले नाव ग्राह्य, या नियमाने शेवटी जर्डनचे नाव टिकले. त्याचे मूळ नमुने मात्र टिकले नाहीत. ते आज कुठल्याही संग्रहात असल्याचे ठाऊक नाही. त्यामुळे जर्डनच्या इतर काही मुंग्यांबाबत त्याच्या लेखातल्या वर्णनावरून तर्क करावा लागतो. या मुंगीवर ती पाळी आली नाही. असा जबडा आणि अशी उडी असलेली दुसरी मुंगी त्या भागात नाही.

भारतीय मुंग्यांच्या अभ्यासाचा पुढचा टप्पा मुंबईत घडला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. मुंबई इलाख्यातला वनाधिकारी रॉबर्ट राउटन याने १८९२ मध्ये त्यात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली लांबलचक लेख लिहिला. जंगलखात्याच्या नोकरीत फिरती भरपूर आणि फिरतीत लाकडे, दगड, पाने उलथून पाहायला वेळही भरपूर. राउटनने आणि त्याच्यासारख्या हौशी अधिकाऱ्यांनी जमवलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेल याच्याकडे जात. फोरेल हा झुरिकच्या बुर्गहॉल्झली मनोरुग्णालयाचा संचालक. दिवसा वेड्यांवर उपचार आणि उरलेल्या वेळात जगभरच्या मुंग्या. भारत व सिलोनच्या मुंग्यांवरची त्याची लेखमाला १८९२ पासून मुंबईच्याच नियतकालिकात हप्त्याहप्त्याने आली, तीही फ्रेंच भाषेत. इंग्रजी नियतकालिकाने ती तशीच छापली, यावरून संपादकांना तिचे मोल किती वाटत होते ते कळते. पुढे स्विस नॅशनल बँकेने हजार फ्रँकच्या नोटेवर फोरेलची छबी छापली आणि मागच्या बाजूला मुंग्या.

या सगळ्या साठ्याला एकत्र बांधणारे पुस्तक चार्ल्स बिंगहॅम याने लिहिले. तो आधी लष्करात आणि मग ब्रह्मदेशाच्या जंगलखात्यात होता. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतला मुंग्यांचा त्याचा खंड १९०३ मध्ये निघाला. भारतात मुंगी ओळखायची तर आधी बिंगहॅम उघडायचा, ही रीत पुढे कित्येक पिढ्या चालली.

या परंपरेची ताकद आणि मर्यादा एकाच गोष्टीत होती: तिचे साधन म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली, टाचणीला लावलेली मुंगी. अशा मुंगीच्या जबड्याचे दात मोजता येतात, कमरेच्या गाठीचा आकार पाहता येतो. ती घरात काय करते, किती जगते, हे तिच्यावरून कळत नाही. मुंग्या जिवंत ठेवून पाहण्याचे तंत्र युरोपात त्याच सुमारास तयार होत होते. जॉन लबक या इंग्रज बँकरने दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर भरून मुंग्या वसवल्या, त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन एकेकीवर नजर ठेवली आणि १८८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्याकडची एक राणी जवळजवळ पंधरा वर्षे जगली. पण लबकच्या मुंग्या मधावर समाधानी असत. हार्पेग्नॅथोसला जिवंत शिकार लागते. ती दिवसाउजेडी एकटीच हिंडते, डोळ्यांनी हेरून रातकिडे, नाकतोडे, कोळी पकडते आणि डंखाने बधिर करून घरी नेते. अळ्यांनाही मांसच लागते. काचेच्या फटीत मधाचा थेंब ठेवून ही मुंगी पोसली गेली नसती.

विसाव्या शतकाचा मोठा भाग तिच्या वाट्याला फारसे कोणी आले नाही. १९८०च्या दशकात बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी ती शिकारीला कधी निघते आणि त्याचा तापमानाशी काय संबंध, हे मोजायला घेतले. १९९२ मध्ये मुश्ताक अली आणि दोन युरोपीय सहकाऱ्यांनी तिच्या उड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या आणि मागच्या पायांच्या जोड्या एकाच वेळी ताणून ती सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत झेप घेते. ती झेप कधी भक्ष्यावर असते, तर कधी संकटातून निसटण्यासाठी.

खरी कलाटणी मिळाली ती कर्नाटकातल्या जोगच्या धबधब्याच्या परिसरात. ख्रिस्तियान पीटर्स, बर्ट होल्डोब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली वारुळे काळजीपूर्वक खणली. आत सापडलेली रचना मुंग्यांच्या जगात आगळी होती. जमिनीखाली एकावर एक दालने. सर्वांत वरच्या दालनाला जाड, घुमटासारखे छत. आणि या संपूर्ण बांधकामाभोवती मोकळी पोकळी, म्हणजे बाहेरच्या मातीचा आणि घराचा थेट संबंधच नाही. भिंतींना आतून रिकाम्या कोषांच्या पट्ट्यांचे अस्तर. कचऱ्याची जागा वेगळी आणि खोल. घाटावरच्या पावसात चार महिने जमीन पाण्याने भरलेली असते, हे ध्यानात घेतले की या खटाटोपाचे कारण लगेच कळते. १९९४ मध्ये या घराचे वर्णन छापून आले.

घर इतके मोलाचे असेल तर त्याचा वारसा कोणाकडे जातो, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे उत्तर १९९५ मध्ये आले. नवी वसाहत पंखवाली राणी एकटीने थाटते. सुरुवातीला शिकारही तीच करते. ती मेली की वारूळ मोडत नाही. काही कामकरी मुंग्या घरातल्याच नरांशी समागम करून अंडी घालू लागतात. अशा कामकरी मुंगीला ‘गॅमरगेट’ म्हणतात. बहुतेक मुंग्यांमध्ये कामकरी मादीला समागम करताच येत नाही. इथे जवळजवळ प्रत्येकीत ती क्षमता असते. बाहेरून मात्र काहीच फरक दिसत नाही. पोट उघडून अंडाशये वाढलेली आहेत का आणि शुक्राणूंची पिशवी भरलेली आहे का, हे पाहावे लागते. बिंगहॅमच्या पुस्तकावरून जात ठरते. भूमिका ठरवायची तर शवविच्छेदन तरी करायचे, नाहीतर मुंगीवर खूण करून तिला महिनोन्‌महिने पाहत राहायचे.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेत रुळला. १९९०च्या दशकात कर्नाटकातून नेलेल्या वसाहतींचे वंशज आधी जर्मनीत आणि नंतर अमेरिकेत पाळले गेले. प्लॅस्टिकच्या डब्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर, त्यात घरासाठी खोलगट जागा, वर काच आणि खायला रातकिडे. प्लास्टर पाणी धरून ठेवते म्हणून ओलावा टिकतो. वसाहत लहान असेल तर दुसऱ्या वसाहतीतल्या मुंग्यांनी आधीच डंख केलेले रातकिडे दिले जातात, कारण मूठभर मुंग्यांना धडधाकट रातकिडा आवरत नाही. राणी काढून घेतली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींवर सपासप वार करत झुंजू लागतात. हा सामना चाळीस दिवसांपर्यंत चालू शकतो. जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात. साधी कामकरी सुमारे सात महिने जगते, तर गॅमरगेट चार वर्षांपर्यंत.

एकाच जनुकसंचातून दोन आयुष्ये घडवणारी ही मुंगी मग आनुवंशिकीच्या अभ्यासकांच्या नजरेत भरली. २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रथमच मुंग्यांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या दोन जातींपैकी एक हीच होती. २०१७ मध्ये तिच्या वास ओळखण्याच्या यंत्रणेतला एक जनुक निकामी करण्यात आला. त्या मुंग्या वसाहतीबाहेर भरकटू लागल्या आणि त्यांची अंडी घटली. कोणतीही कामकरी आई होऊ शकते म्हणूनच असा बदललेला वंश पुढे चालवता आला. केवळ राणीच वीण वाढवते त्या मुंग्यांमध्ये हे फार अवघड. २०२१ मध्ये आणखी नवलाची गोष्ट पुढे आली. गॅमरगेट होताना मुंगीचा मेंदू सुमारे एक-पंचमांशाने आक्रसतो, हे माहीत होते. तिला काही आठवडे वेगळे ठेवून पुन्हा वसाहतीत सोडले तर ती कामाला लागते आणि मेंदू पूर्ववत वाढतो.

२००२च्या जैवविविधता कायद्याने परदेशी संशोधकांना भारतातले जीव नेण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी बंधनकारक केली. आता नव्या वसाहती उचलून नेणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, आणि ते योग्यच आहे. भारतातल्या मुंग्यांची सुधारित यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जाती आणि उपजाती धरून ८२८ नावे आहेत. हार्पेग्नॅथोसइतका जिवंतपणी अभ्यास त्यांतल्या फारच थोड्यांच्या वाट्याला आला आहे. बाकीच्यांची ओळख अजून टाचणीवरच्या नमुन्यापाशीच थांबलेली आहे.