मडक्याच्या बुडावरचं नाव

कुवेत शहरातून जाबेर पुलावरून खाडी ओलांडली की सुबियाचं वाळवंट लागतं. इथल्या बाहरा-१ या जागी कुवेती आणि पोलिश संशोधक बरीच वर्षं खोदकाम करताहेत. २०२४ मध्ये तिथे मातीचं एक छोटं डोकं सापडलं, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचं. त्याची बातमी जगभर झाली. पण मला जास्त आवडलं ते तिथलंच एक कच्चं, भाजायचं राहून गेलेलं भांडं. कच्चं भांडं कुणी दुरून विकायला आणत नाही. म्हणजे त्या काळी भांडी इथेच घडत होती, आखातात.

हे भांडं घडवलं कोणी? नाव कळायचा मार्गच नाही, तेव्हा लिपीच नव्हती. ठीक आहे. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईचं काय?

१८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये जॉर्ज विल्किन्स टेरी या इंग्रज शिक्षकाने १८७०च्या दशकात भांड्यांचं काम उभं केलं. झिलईचं तंत्र सिंधमधल्या कुंभारांचं, नक्षीत अजिंठ्याच्या चित्रांची छाप. ही भांडी परदेशी प्रदर्शनांत गेली, आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही आहेत. ती ओळखली जातात शाळेच्या किंवा टेरीच्या नावाने. चाकावर बसलेला माणूस मात्र 'देशी कारागीर' एवढाच उरतो. तेव्हा लिपीही होती, छापखानाही होता.

विसाव्या शतकात 'स्टुडिओ पॉटरी' आली. कल्पना साधी: माती मळण्यापासून भट्टी उघडेपर्यंत सगळं एकाच माणसाच्या हातचं, म्हणून भांडं त्याच्या नावाचं. बर्नार्ड लीच आणि जपानचे शोजी हमादा यांनी १९२० मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला भट्टी उभारली. आपल्याकडे जपानहून शिकून आलेल्या गुरचरण सिंग यांनी दिल्लीत हे काम रुजवलं. गंमत म्हणजे जपानला परतल्यावर हमादांनी भांड्यांवर सही करणंच सोडून दिलं. अनाम कारागीर हाच त्यांच्या मंडळींचा आदर्श! पण नाव मिळाल्यावर ते सोडणं वेगळं आणि ते कधी विचारलंच न जाणं वेगळं, नाही का?

म्हणूनच ब्रह्मदेव राम पंडित यांची कारकीर्द मला महत्त्वाची वाटते. जन्म बिहारच्या नवादा जिल्ह्यातला, घराणं कुंभाराचं. काम उभं राहिलं मुंबईजवळ भाईंदरला. गावातल्या आव्यात मडकं साधारण ७०० ते ९०० अंशांवर भाजतं आणि सच्छिद्र राहतं, म्हणून तर पाणी गार होतं. पंडितजी वळले स्टोनवेअरकडे. त्यासाठी भट्टी १२०० अंशांच्या वर न्यावी लागते. तिथे माती घट्ट होते, झिलई वितळून काचेसारखी बसते आणि राखेतला किंवा लोखंडाच्या अंशातला जरासा फरकही रंग बदलून टाकतो. हात पिढीजात, रसायनं नवी. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलगा अभय पंडित आज स्वतःच्या नावाने सिरॅमिक कलावंत म्हणून ओळखला जातो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भारतात स्टुडिओ पॉटरीकडे आलेले पुष्कळ जण कलाशाळांतून, शहरी घरांतून आले. चाक त्यांनी आवडीने निवडलं. कुंभारवाड्यातल्या मुलाला ते जन्मासोबत मिळतं आणि बऱ्याचदा त्याला त्यातून सुटायचं असतं. एकाच चाकावर एकजण 'आर्टिस्ट' होतो, दुसरा 'कारागीर'च राहतो. पंडितजींनी ही रेघ ओलांडली. पण एक माणूस पलीकडे गेला म्हणून रेघ पुसली जात नाही.

तुम्ही कुवेतमध्ये असा, नाहीतर टोरांटोत. घरात आईने गावाहून आणलेली एखादी मातीची पणती असेलच. उलटी करून बघा. बुडावर बहुतेक काहीच लिहिलेलं नसेल. पुढच्या वेळी गावी गेलात की ती घडवणाऱ्याचं नाव तेवढं विचारून या.