ईमेल न्यूजलेटर : पाठवणं सोपं, पण ते वाचलं जावं यासाठी काय कराल?

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. ज्यांचे तिथे लाखो फॉलोअर्स होते, त्यांना आपल्याच प्रेक्षकांपर्यंत पोहोचायचा मार्ग उरला नाही. त्याआधी २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं होतं. थोडक्यात, फॉलोअर्स हे प्लॅटफॉर्मचे असतात. ईमेल पत्त्यांची यादी मात्र तुमच्याकडे राहते. सेवा बदलली तरी ती सोबत नेता येते. म्हणूनच आज अनेक क्रिएटर्स न्यूजलेटर सुरू करतात.

मात्र ही यादी टिकते ती वाचकाच्या परवानगीवर. ती परवानगी कशी जपायची, ते पाहू.

यादी मागून मिळवा

व्हॉट्सॲप ग्रुपमधून गोळा केलेले किंवा विकत घेतलेले पत्ते वापरू नका. ज्याने मागितलंच नाही, तो तुमचं पत्र थेट स्पॅममध्ये टाकतो. नाव नोंदवल्यावर 'होय, मला पत्र हवं आहे' अशी लिंक पाठवून खात्री करून घ्या. त्यामुळे यादी लहान राहील, पण खरी असेल.

स्पॅमची तक्रार महाग पडते

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही तंत्रं लावणं बंधनकारक आहे. मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला आहे का, हे त्यांवरून तपासलं जातं. तसंच एका क्लिकवर नाव काढण्याची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारीही जास्तच!

तुमची यादी लहान असली तरी हीच शिस्त पाळा. शक्य असल्यास स्वतःचं डोमेन घ्या. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांनाच मेल जातो. शिवाय बीसीसीऐवजी चुकून सीसीत पत्ते टाकले, तर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. त्यामुळे न्यूजलेटरसाठी असलेली सेवा वापरणंच बरं.

विषय आधी, अंक नंतर

'मासिक वार्तापत्र, अंक ७' या विषयातून वाचकाला काहीच कळत नाही. 'भाड्याचा करार करताना या तीन गोष्टी तपासा' यातून कळतं. मोबाइलवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून महत्त्वाचा शब्द सुरुवातीला घ्या. विषयात जे सांगितलं, ते पत्रात दिलंच पाहिजे.

मराठीत लिहिताना हे लक्षात ठेवा

१०२ केबीपेक्षा मोठा मेल जीमेल मध्येच कापतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'क्ष'सारख्या जोडाक्षराला तर नऊ! त्यात सजावटीचा कोड वाढला की मर्यादा लवकर गाठली जाते. मेल कापला गेला तर शेवटी असलेली 'नाव काढा' ही लिंकही दिसत नाही आणि कंटाळलेला वाचक स्पॅमचं बटण दाबतो. म्हणून एका पत्रात एकच विषय घ्या, सजावट साधी ठेवा. मजकूर चित्रात टाकू नका, कारण चित्र उघडलं नाही तर पत्र कोरंच दिसतं.

किती जणांनी उघडलं, यावर विसंबू नका

२०२१ मध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती सुरू असेल तर वाचकाने मेल न उघडताही तो उघडल्याची नोंद होऊ शकते. त्यापेक्षा किती जणांनी लिंकवर क्लिक केलं, किती जणांनी उलट उत्तर दिलं, हे पाहा. त्यासाठी पत्राच्या शेवटी एक साधा प्रश्न विचारा.

जाणाऱ्याला जाऊ द्या

नाव काढण्याची लिंक लपवू नका. नाव काढून गेलेला वाचक म्हणजे यादीतला एक आकडा कमी, इतकंच. पण त्याने स्पॅमची तक्रार केली, तर ज्यांना तुमचं पत्र हवं आहे त्यांच्या इनबॉक्सपर्यंतही ते पोहोचेनासं होतं.