मुलीचा होकार

आपल्या मंडळात नाना घरच्या भगिनी येतात. कॅथलिक शेजारणीच्या मुलीचे लग्न निघाले की आपण सहज म्हणतो, "फादर लग्न लावणार." वस्तुतः त्यांच्या लॅटिन परंपरेच्या शास्त्राप्रमाणे फादर लग्न लावीतच नाही! वधू-वर एकमेकांना होकार देतात, त्या होकारानेच विवाह घडतो. फादर हा तो होकार विचारणारा व ऐकणारा साक्षी. लग्नाआधीची सारी तयारी या एका 'हो'साठी असते; अंगठी, मंगळसूत्र ही त्याची शोभा.

नागपूरचा धर्मप्रांत 1887 साली स्थापन झाला. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या फ्रेंच मिशनऱ्यांकडे त्याचा कारभार होता. अमरावती-अकोल्याच्या मुलुखासाठी 1955 च्या मे महिन्यात अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला. या संत फ्रान्सिसनी 1609 साली ग्रंथ लिहिला तो मठवासीयांसाठी नव्हे, प्रपंचात राहणाऱ्यांसाठी, हे मला विशेष वाटते.

पण या होकाराला नियमांचे कुंपण घातले गेले ते त्याच्याही आधी. युरोपात चोरून लग्ने होत. पुढे पुरुषाने कानांवर हात ठेवले, की बाई ना धड कुमारी, ना धड सधवा! म्हणून 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरविले की, लग्नाची पुकार चर्चमध्ये तीनदा व्हावी आणि लग्न धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर लागावे. प्रजेवर लग्नाची सक्ती करणाऱ्या सरदार-अंमलदारांनाही तिने बहिष्काराचा धाक घातला. आजही फादर मुलाला व मुलीला वेगवेगळे बसवून विचारतात: कोणाचा दबाव नाही ना? आईबापांच्या देखत मुलगी काय बोलणार, हे आपण बायका जाणतोच.

नागपूरचा धर्मप्रांत झाला त्याच 1887 साली मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना फर्माविले, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या; तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. पुढल्या वर्षी तडजोडीने त्या सुटल्या.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली विवाहाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले: बालपणीचे घर, लग्नापूर्वीचे शिक्षण आणि शेवटचे काही आठवडे. माझ्या मते पहिलाच खरा. बापाने आईला कसे वागविले हे जिने वीस वर्षे पाहिले, तिला शिबिरात नवे ते काय सांगणार? असो.

'हो' म्हटल्यावर परतीची वाट मात्र बिकट होती. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे. बायकोने मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा परित्यागही सिद्ध करावयाचा! मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली हा भेद अमान्य केला आणि 2001 साली संसदेने सबंध देशासाठी कायदा बदलला. चर्च घटस्फोट मानीत नाही. मात्र धाकाने वा भयाने घेतलेला होकार हा होकारच नव्हे, म्हणून ते लग्न मुळात झालेच नाही, असा निवाडा त्याचे न्यायमंडळ देऊ शकते. पूर्वी हा निवाडा दोन न्यायमंडळांकडून व्हावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ती अट काढली.