कोयत्याला बाळंतपणाची रजा नसते

दसरा-दिवाळी झाली की नारायणगडाच्या आजूबाजूला, सगळ्या बीड जिल्ह्यातच, ऊसतोडीला जाणाऱ्यांची बांधाबांध सुरू होते. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, लेकरं आणि पोटुशी बाईही असते. मग कुणी कोपीत बाळंत होते, कुणी फडाच्या बांधावर.

बाळंतपण म्हणजे घरातली, बायकांची गोष्ट, असे आपण धरून चालतो. पण १९२८ साली ती मुंबईच्या विधिमंडळात पोहोचली होती. कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा सरकारनेही खर्चाचा भार उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला असा तो पहिलाच. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या बायांना त्याचा उपयोग नव्हता.

देशाचा कायदा १९६१ साली आला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. अट अशी, की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे.

ऊस तोडणारी बाई एका हंगामात ८० दिवस सहज भरते. तरी तिला रजा नाही, कारण हिशेबात ती वेगळी धरलेलीच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतो बहुधा नवरा. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम उचलीचा हिशेब दाखवतो. खाडा पडला तर पैसे कापले जातात.

याची किंमत २०१९ मध्ये समोर आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या अहवालानुसार जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणे अनेक असतील. पण जिथे पाळीच्या दुखण्यालाही सुट्टी नाही, तिथे ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला बाईला लवकर पटतो.

सूरह मरियममध्ये हजरत मरियम (अ.स.) लोकांपासून दूर, एकट्या, खजुराच्या झाडाखाली कळा सोसतात. तिथे अल्लाहकडून त्यांना दिलासा मिळतो, पायाशी पाणी मिळते, ताजे खजूर मिळतात. लोकांचे प्रश्न नंतर येतात. ही सूरह आपण आदराने पढतो. मग फडातल्या बाळंतिणीसाठी, ती कोणत्याही जातीधर्माची असो, आपण एवढे तरी मागायला हवे: कारखान्याच्या वहीत तिचे नाव मजूर म्हणून वेगळे लिहा. रजेचा हक्क मागायचा तर आधी नाव लागते.